पट्टीवरचे दोन काप

मरोळ, ११ फेब्रुवारी १९८७

दादा,

वर नमस्काराची ओळ नाही, ती शोधू नकोस. साडेतीन वर्षांनी पत्र लिहितोय ते प्रेमाचं भरतं आलंय म्हणून नाही. डोकं फिरलंय म्हणून लिहितोय. ज्याच्यावर फिरलंय त्यालाच लिहा, मला रोज ऐकवू नका, असं मालनने बजावलं.

काल फोर्टातल्या त्या दुकानात गेलो होतो. बाबांच्या वेळेपासून आपले घडीचे चाकू तिथे समोरच्या कपाटात, निळ्या मखमलीवर असायचे. एका बाजूला जर्मन, दुसऱ्या बाजूला स्विस आणि मधे आपला ‘मार्तंड’. बाबा वर्षातून एकदा धुतलेला सदरा घालून फक्त ते कपाट बघायला जायचे आणि रस्त्यावरूनच बघून परत यायचे. काल त्या जागी कसलेसे जपानी चाकू होते. आपले कुठे गेले म्हणून विचारलं तर त्या माणसाने सगळ्यात खालच्या फळीकडे बोट दाखवलं. अडकित्ते, बाटल्या उघडायच्या चाव्या, आणि त्यांच्या मागे बिस्किटांच्या खोक्यात आपले चाकू, एकावर एक टाकलेले. बाबांचं नाव पात्यावर आणि पातं बिस्किटांच्या खोक्यात.

मी विचारलं, झालं काय? तो म्हणाला, “शौकीन लोक घेत नाहीत, लहूशेठ. घेत नाहीत एवढंच असतं तर ठीक होतं. दाखवला तर हात मागे घेतात.”

हे हात मागे घेणं कालपासून माझ्या डोक्यातून जात नाही. चाकूत काय कमी आहे ते तरी सांगा ना. पोलाद तेच, ट्रकच्या जुन्या स्प्रिंगच्या पाट्यांचं. मूठ शिसवीचीच. पॉलिश तर बाबांच्या वेळेपेक्षा झकास. पातं उघडून खटका बसला की टक् आवाज तोच येतो. मग लोकांना अचानक काय चावलं?

वर त्याने आणखी एक बातमी दिली. ट्रॉम्बेच्या चंद्रप्रकाशसाहेबांनी आपले सगळे ‘मार्तंड’ विकायला काढलेत. तेच साहेब, अणुकेंद्रातले, जे पंधरा वर्षं दर खंडेनवमीला आपल्या गाळ्यावर यायचे आणि बाबांशी पोलादावर तास तास बोलायचे. एकेचाळीस चाकू आहेत त्यांच्याकडे. चाकू जमवणाऱ्या मंडळींत त्यांचा शब्द चालतो. त्यांनी विकायला काढले म्हटल्यावर बाकीचे कशाला ठेवतील? नावाची वाट लागली, दादा.

मला यात एकच कारण दिसतं, आणि ते वेंगुर्ल्याला बसून पंप दुरुस्त करतंय. तू ॲप्रन खिळ्याला टांगलास, खिशात एक कानस घातलीस आणि गेलास. तिथून या लोकांना पत्रं लिहिलीस की ‘मार्तंड’मध्ये आता काही राहिलं नाही. नाहीतर साहेबांना स्वप्न पडलं का? तू असं केलं असशील तर निदान तोंडावर सांग. केलं नसशील तर साहेबांना एक ओळ लिही की लहूच्या हातचा माल चांगला आहे. एक ओळ लिहून तुझं काही झिजणार नाही.

पाती आवळून धरायचा तुझा वाइस अजून तिथेच आहे, बाकाच्या उलट्या टोकाला. मला त्यावर काम करता येत नाही. काढायला दोनदा पाना घेतला आणि दोनदा ठेवून दिला.

लहू

मरोळ, ८ एप्रिल १९८७

दादा,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे. मीच ट्रॉम्बेला जाऊन आलो.

साहेबांनी चहा दिला, बिस्किटं दिली, मालनची चौकशी केली. चाकूंचं विचारलं तर उठून तो सागाचा कप्पा ओढून दाखवला. आत नुसत्या खाचा. तुला माहीत आहे, प्रत्येक चाकूसाठी त्यांनी बनातीच्या कापडात वेगळी खाच कापून घेतली होती. फक्त तीन चाकू शिल्लक होते आणि तिन्ही बाबांचे. मी म्हटलं, साहेब, कारण तरी सांगा. ते म्हणाले, “लहूजी, तुम्हाला ठाऊक आहे.” मला काही ठाऊक नाही म्हटलं, तर त्यांनी आणखी चहा ओतला. सुशिक्षित माणसाचा हा मोठा त्रास असतो. आपल्याकडचा माणूस चार शिव्या देऊन मोकळा होतो, हे लोक चहा ओततात.

येताना बसमध्ये सगळी कारणं काढत बसलो. परदेशी चाकू आता कोणीही गल्फमधून येताना खिशात घालून आणतो, हे एक. लाल मुठीचा, कात्री न् दातकोरणं असलेला. पण तो खेळ आहे, चाकू नाही, आणि हे शौकीन तसला चाकू हातात धरत नाहीत. मग म्हटलं, खरं दुखणं या लोकांचंच. चाकूने एक आंबा कापत नाहीत. मोज्यात गुंडाळून ठेवतात. रविवारी चारजण जमतात, चाकू कानाशी धरून उघडतात न् मिटतात, आणि माना डोलवतात. भिंगातून बघतात. असल्या माणसांची मर्जी सांभाळायची तर कारखाना कसा चालवायचा?

तू म्हणशील, कारखाना तूच केलास, बाबांचा तो गाळा होता. हो, मी केला. बाबांच्या पद्धतीने एका माणसाने एक चाकू पहिल्यापासून शेवटपर्यंत करायचा म्हणजे आठवड्याला पाच. मी तीन माणसं ओळीत बसवली. एक पातं घासतो, एक मूठ बसवतो, एक खटका. त्यावरून आपलं भांडण झालं. “एका चाकूला तीन बाप केलेस तू,” असं म्हणालास आणि ॲप्रन काढलास. चारचौघांत म्हणालास. त्या तिघांसमोर म्हणालास. ते मी विसरलेलो नाही.

पण कबूल करतो, पुढे मी जरा वाहवत गेलो. बाबांच्या स्मरणार्थ खास चाकू काढला, तो सगळा गेला. म्हणून दिवाळी खास काढला. मग पितळी मुठीचा खास, मग चंदनी पेटीतला खास. गेल्या वर्षी एका पारशी गृहस्थाने गाळ्यावर येऊन अगदी गंभीरपणे विचारलं, तुमच्याकडे साधा मिळेल का? सगळे हसले, मीही हसलो. आता हसू येत नाही.

आणि खंडेनवमी बंद केली. ती चौऱ्याऐंशी सालापासून बंद आहे. बाबा हत्यारांची पूजा मांडायचे, लोक आपापले चाकू घेऊन यायचे, पाटावर ठेवायचे. बाबा प्रत्येक उघडून ऐकायचे, तेल घालायचे, धार लावून परत द्यायचे. त्या वर्षी नेमका टेम्पो भरायचा होता. मी दारावर पाटी लावली, आज काम चालू आहे. बारा-पंधरा माणसं चाकू खिशात घेऊन परत गेली म्हणे. साहेबही त्यांत होते. पुढच्या वर्षी कोणी आलं नाही, मग मीही मांडली नाही.

बघ, माझ्या चुका मी लिहिल्या. आता तू साहेबांना ती ओळ लिही.

लहू

घाटकोपर, २० जून १९८७

दादा,

हे पत्र घरून लिहितोय. गाळ्यावर बसून हे लिहवलं नसतं. मागच्या पत्रात एक गोष्ट लिहिली नाही. मालनला ती काल सांगितली. तिने पोळपाट बाजूला ठेवून दिला आणि तेव्हापासून माझ्याशी कामापुरतं बोलते आहे.

पातं उघडून मुठीच्या खाचेत टॉर्च मारली की आत स्प्रिंगची पट्टी दिसते. त्या पट्टीवर बाबा कानशीने एक काप द्यायचे, तो बाबांचा चाकू. दोन काप म्हणजे तुझा. जगाला दिसत नाही, पण शौकिनाला पहिलं तेच बघायचं असतं. तू गेल्यावर प्रत्येकजण टॉर्च मारून बघायचा. दोन काप नाहीत ना, मग चाकू हळूच खाली. पाणी मागायचे, हवापाण्यावर बोलायचे आणि जायचे. मी समोर उभा. त्यातले कित्येक चाकू मी एकट्याने, कोणालाही हात लावू न देता, रविवारी बसून केलेले होते. ते कोणी कानाशीसुद्धा धरले नाहीत.

मग मी पट्टीवर दोन काप दिले. पहिल्या चाकूच्या वेळी गाळ्याचं दार लावून घेतलं, पाचव्याच्या वेळी नाही. तीन माणसांच्या ओळीतल्या मालावर मी कधी दिले नाहीत, ही शपथ मालनसमोर घेतली आहे. फक्त जे सगळे माझ्या एकट्याच्या हातचे, त्यांनाच. तुझ्यासारखेच बारीक, तुझ्याइतकेच खोल. दोन वर्षं ते हातोहात गेले. आता सांग, त्यात फसवणूक किती? चाकू खोटा नव्हता.

मालन म्हणाली, मग स्वतःची खूण का नाही केलीत? तिला गाळ्यातलं काय माहीत. तुला माहीत आहे. आपल्या घरात खूण कोणी स्वतः घेत नसतो. बाबा चाकू वर्सोव्याला पाठवायचे. नारळी पौर्णिमेला होडी समुद्रात गेली की तो भीमराजच्या होडीवर जायचा. आठ-नऊ महिने खारं पाणी, दोर, जाळी, मासळी. पावसाच्या आधी होड्या किनाऱ्याला लागल्या की बाबा तो मागवायचे, कानाशी धरून उघडायचे. खटका सैल झाला नसेल, पातं हलत नसेल, तर त्या माणसाला खूण. तुझा चाकू एका हंगामात पास झाला. तेव्हा तू एकवीस वर्षांचा होतास. मी अडतीस वर्षांचा होईपर्यंत बाबा म्हणत राहिले, अजून थांब.

शेवटी एक्याऐंशीच्या नारळी पौर्णिमेला माझा चाकू होडीवर गेला. जानेवारीत बाबा गेले. मे महिन्यात होडी किनाऱ्याला लागली आणि मी वर्सोव्याला गेलोच नाही. भीती वाटली, दादा. तो सैल निघाला असता तर? बाबा असते तर निदान म्हणाले असते, पुढच्या वर्षी बघू. तू म्हणाला नसतास. तू तो भंगारात टाकला असतास, जसे माझे कितीतरी टाकलेस. आणि तूही कधी विचारलं नाहीस, लहू, तुझ्या चाकूचं काय झालं. एकदाही नाही. याचा राग मला सगळ्यात जास्त आहे.

असो. तर तू एवढंच लिही, की जाण्याआधी तू काही चाकू करून पेटीत ठेवले होते आणि ते मी नंतर विकले. दोन काप असलेले सगळे तुझेच. तुझ्या शब्दावर साहेब विश्वास ठेवतील, बाकीचे साहेबांवर ठेवतील, आणि बाबांचं नाव बिस्किटांच्या खोक्यातून बाहेर येईल. मालन म्हणते, भावोजींना खोटं बोलायला सांगताय, त्यांना ओळखता का? मी म्हटलं, ओळखतो, म्हणून तर चार महिने हे लिहिलं नव्हतं.

लहू

मरोळ, १७ ऑगस्ट १९८७

दादा,

तुझं कार्ड पोचलं. दोन महिने वाट बघितली आणि त्यावर दोन शब्द. “खंडेनवमी कर.” खाली बळवंत. पोस्टाने सगळी जागा कोरी सोडल्याबद्दल तुझे आभार मानले असतील.

मी माझं पोट फाडून दाखवलं आणि तू मला पूजा सांगतोस. गुरुजी झालास का? येणार कोण आहे खंडेनवमीला? त्या लोकांनी चाकू विकून टाकलेत. रिकामे खिसे घेऊन प्रसादाला येतील? आणि आले तर मी त्यांना सांगू काय? ते तरी लिहायचं होतंस. तुझा हा जुना रोग आहे. बाबांसमोरसुद्धा तू एक शब्द बोलायचास आणि बाकीचं आम्ही ओळखायचं.

मी कार्ड फाडायला घेतलं, मालनने हातातून काढून घेतलं. तिने आपणहून बाबांची ती जुनी वही शोधली, ज्यात चाकू नेणाऱ्यांचे पत्ते आहेत, आणि बसून सगळ्यांना पत्रं लिहिली. ‘यंदा गाळ्यावर खंडेनवमी आहे. आपला चाकू घेऊन यावे. लहू मार्तंड आपल्याशी काही बोलणार आहेत.’ हे शेवटचं वाक्य मला न विचारता घातलं. पत्रं टाकून आल्यावर सांगितलं. आता मला बोलणं भाग आहे, आणि या घरात माझ्या बाजूने कोण आहे तेच कळेनासं झालंय.

लहू

मरोळ, ५ ऑक्टोबर १९८७

दादा,

गेल्या आठवड्यात खंडेनवमी झाली. सगळं नीट क्रमाने लिहितो. मधे कुठे आवाज चढला तर चालवून घे.

गाळा धुतला. बाकावर पाट मांडला, हत्यारांना झेंडूच्या माळा घातल्या. तुझ्या वाइसलाही घातली. मालनने शिरा केला होता, चाळीस माणसांचा. दुपारपर्यंत माणसं आली पाच. पारशी गृहस्थ आले, मुलुंडचे ते दोघे मित्र आले, एक बँकेतले. आणि भीमराज. आता त्याचे केस सगळे पांढरे झालेत, पण दारात उभा राहिला की अजून उजेड अडतो. त्याने कमरेचा चाकू काढून पाटावर ठेवला. मूठ काळी पडलेली, पात्यावर सगळे डाग. मला वाटलं, तुझा जुना असेल.

साहेब सगळ्यात शेवटी आले. हात जोडले, मागे स्टुलावर बसले.

मालन माझ्याकडे बघत होती. मी बोलायला उभा राहिलो, दादा, आणि पाठ केलेलं एक वाक्य आठवेना. मग सरळ सांगितलं. त्र्याऐंशीच्या ऑगस्टनंतर ज्या चाकूच्या पट्टीवर दोन काप आहेत ते माझ्या भावाने दिलेले नाहीत, मी दिलेत. कोणाला परत द्यायचा असेल त्याने द्यावा. एवढं बोललो आणि बसलो. मुलुंडचा एकजण उठून गेला. शिरासुद्धा घेतला नाही त्याने. ते मला लागलं, पण त्याचं बरोबर होतं.

मग साहेब उठले. त्यांनी खिशातून एक चाकू काढला, कप्प्याबाहेर वेगळा ठेवलेला, माझा, दोन कापांचा, आणि टॉर्च माझ्या हातात दिली. म्हणाले, नीट बघा. मग स्वतःच्या पाकिटातून एक जुना फोटो काढला. तुझ्या एका चाकूच्या पट्टीचा, भिंगातून काढलेला. दोन्ही शेजारी धरले. तुझे काप डावीकडे झुकलेले आहेत. माझे उजवीकडे. तू डावखुरा आहेस, दादा. तुझा वाइस म्हणूनच उलट्या टोकाला आहे. चाळीस वर्षं एका ताटात जेवलो, शाळेत तुझा डावा हात बांधून ठेवायचे ते मी बघितलं, आणि काप देताना माझ्या डोक्यात हे एकदाही आलं नाही. ट्रॉम्बेच्या माणसाला तुझा हात आठवला, मला नाही.

मी म्हटलं, साहेब, हे तुम्हाला फेब्रुवारीतच माहीत होतं, मग बोलला का नाहीत? तेव्हा त्यांनी पाकिटातून तुझं कार्ड काढलं.

नोव्हेंबर शहाऐंशीचं. मी तुला पहिलं शिव्यांचं पत्र लिहिलं त्याच्या तीन महिने आधीचं. साहेबांनी तुला चाकू पार्सलने पाठवून विचारलं होतं, हा तुमचा का? आणि तू लिहिलंस, ‘चाकू पाहिला. माझाच आहे. शंका नसावी. बळवंत मार्तंड.’

मी ते तीनदा वाचलं. अक्षर तुझंच. मी तुझ्यावर आळ घेत होतो, की तू नाव खराब करतोस, आणि तू तोवर माझ्यासाठी खोटं बोलून मोकळा झाला होतास. माझी सगळी पत्रं वाचलीस, त्यात मी तेच खोटं मागितलं, आणि तू सांगितलं नाहीस की ते आधीच दिलंय.

साहेब काय म्हणाले ते जसंच्या तसं लिहितो. “लहूजी, तुम्ही खोटे काप दिलेत ते मी समजून घेतलं असतं. खोट्या मालाची सवय आहे आम्हाला. तुमच्या भावाने जेव्हा ते आपले म्हटले, तेव्हा माझ्याकडचा एकही चाकू खरा मानता येईना. ज्याच्या शब्दावर आम्ही सगळं तोलत होतो तो शब्दच गेला.” म्हणून त्यांनी विकले. बाबांचे तीन ठेवले, कारण बाबा आता कोणासाठी खोटं बोलू शकत नाहीत.

बिस्किटांच्या खोक्याचं कारण मी आठ महिने शोधत होतो. पोलादात शोधलं, गल्फमध्ये शोधलं, शौकिनांच्या नखऱ्यात शोधलं. कारण माझ्या हातात होतं, आणि ते मी तुझ्याही हातात दिलं. तुझ्या अख्ख्या आयुष्यात तू एक खोटं लिहिलंस ते माझ्यापायी. याची मला लाज वाटते. हे मी आजवर कोणाला म्हटलेलं नाही.

एवढ्यात भीमराज वैतागला. त्याला या कापांच्या गोष्टीत रस नव्हता. म्हणाला, “माझ्या सुरीला तेल घालतोस का जाऊ? तुझा बापूस असता तर एव्हाना घातलं असतं.” मी त्याचा चाकू उचलला, उघडला. टक्. दादा, सांगतो, गाळ्यातले सगळे वळले. साहेबांनी हात पुढे केला, चाकू कानाशी धरला, परत उघडला, परत मिटला. पातं अंगठ्याने हलवून बघितलं, ते हललं नाही. मग टॉर्च मारली. बराच वेळ बघून म्हणाले, आत एकही काप नाही. हा कोणाचा?

भीमराज माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, “याचाच. म्हाताऱ्याने होडीवर पाठवलेला. परत मागायला आलाच नाही. मी म्हटलं, याला नको असेल, तर मी वापरतो.”

सहा हंगाम. मी ज्याला घाबरून वर्सोव्याला गेलो नाही, तो सहा हंगाम समुद्रावर होता.

साहेबांनी तो पाटावर ठेवला आणि मला म्हणाले, यावर काही खूण नाही, आणि आज इथे ठेवलेल्या सगळ्या चाकूंत मला हाच हवा आहे. भीमराज म्हणाला, विकायचा नाही. मग साहेब माझ्याकडे वळले. म्हणाले, तुमचे चाकू चांगलेच होते. पहिल्या दिवसापासून तुमचेच म्हणून विकले असते तर चालले असते. सावकाश चालले असते, पण चालले असते.

दादा, हे ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. मला इतका संताप आला की बाकावर डोकं आपटावंसं वाटलं. सगळं नाव घालवलं ते कशासाठी? जी गोष्ट माझ्याकडे होती तिच्याऐवजी तुझी चोरली, आणि दोन्ही गेल्या.

विकलेले चाकू साहेब परत घेणार नाहीत. मी विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं. नवीन खूण दिसली तर येऊन बघेन, घेईनच असं नाही. शिरा मात्र दोनदा घेतला.

लहू

मरोळ, १९ ऑक्टोबर १९८७

दादा,

हे छोटं पत्र पार्सलमध्ये टाकतोय.

गाळ्यात दोन कापांचे जेवढे होते तेवढे सगळे खोलले. पिना काढल्या, पट्ट्या घासून कोऱ्या केल्या. ओळीतल्या तिघांना सांगितलं, पाड्यापाड्यावर विकायचा स्वयंपाकाचा माल करा, त्यावर बाबांचं नाव नको. ‘मार्तंड’ आता मी एकटा करणार, आठवड्याला होतील तेवढे. फोर्टातल्या दुकानातून ते बिस्किटांचं खोकं घेऊन आलो. दारावर पाटी लावली आहे, ज्याच्याकडे खोट्या खुणेचा चाकू असेल त्याने आणून द्यावा. आतापर्यंत चारजण आले. पारशी गृहस्थ आणून द्यायला आले आणि शेवटी परत घेऊन गेले. म्हणाले, याची सवय झाली.

साहेबांना वेगळं पत्र लिहिलं आहे, की तुझं ते कार्ड माझ्यासाठी होतं आणि त्याआधी तुझ्या तोंडून खोटं निघाल्याचं मला आठवत नाही. ते मानतील का, माहीत नाही.

राहिलं एक. तू तो चाकू बघितला होतास. साहेबांनी पार्सलने पाठवलेला, माझ्या हातचा. सैल चाकू तू बाबांचा मान ठेवायलाही आपला म्हटला नसतास, माझे किती भंगारात टाकलेस ते मला पाठ आहे. आणि त्या चाकूला तू ‘माझाच’ लिहिलंस. मला वाचवायला लिहिलंस की चाकू बघून लिहिलंस, हे मी पंधरा दिवस स्वतःला विचारतोय. मालन म्हणते, मला काय विचारता, त्यांना विचारा.

म्हणून विचारतोय. या पार्सलमध्ये भीमराजचा चाकू आहे. मोठ्या मिनतवारीने दिलाय त्याने, आणि होळीच्या आत परत पाहिजे म्हणून बजावलंय. मी त्याला धार लावलेली नाही, डाग काढलेले नाहीत. होडीवरून उतरला तसाच आहे. आधी कानाशी धरून बघ. मग मागची पिन काढ, ती मी नुसती अडकवून ठेवली आहे, बोटाने निघेल. पट्टी कोरी आहे.

बाबा नाहीत, तेव्हा हे काम तुझं. खूण कुठली द्यायची ते तू ठरव. द्यावीशी वाटली नाही तर तशीच कोरी परत पाठव, मी पिन ठोकून भीमराजला देऊन टाकीन आणि पुढच्या नारळी पौर्णिमेला दुसरा पाठवीन.

कानस तुझ्याकडे आहेच.

लहू